वैजू, कॅसेट सापडली

ठाणे,
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय वैजू,

कॅसेट सापडली.

कुठली म्हणून विचारू नकोस. हे वाचताना तुझ्या पोटात जो गोळा आला असेल, तोच मला मंगळवारी शिडीवर उभी असताना आला, आणि खालून आई विचारतेय, "काय गं, पाल आहे का?"

आधी बाकीचं उरकते. मी बरी आहे, बीपी गोळीच्या धाकात आहे. आईच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू झाला, दुसऱ्याचा दिवाळीनंतर. सहा महिने मी फोन केला नाही, त्याबद्दलच्या शिव्या भेटीत दे, व्याजासकट. आणि पत्र अशासाठी की फोनवर बोलायला लागले की आई समोर येऊन बसते, आणि व्हॉट्सॲप तर ती माझ्याआधी वाचते. पाकिटाला तिकीट किती रुपयांचं लावायचं तेसुद्धा पोस्टात जाऊन विचारलं. काउंटरवरच्या बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी दिवाळीत उटण्याऐवजी शिकेकाई मागितली.

तर आमच्या बिल्डिंगचं शेवटी ठरलं. इतकी वर्षं गच्चीवर नुसत्या मीटिंगा आणि बटाटेवडे झाले, आता महिनाअखेर खरंच नौपाडा सोडायचा आहे. नवी इमारत होईपर्यंत घोडबंदरला भाड्याने. आईचं म्हणणं, तिथून गडकरीला नाटकाला यायचं तर रिक्षाचे पैसे तिकिटापेक्षा जास्त. म्हणून माळा रिकामा करत होते. आकाशकंदिलाच्या सांगाड्याचा खोका आठवतो? त्यात, कामट्यांच्या खाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. मीच ठेवली होती म्हणे, मला अजिबात आठवत नव्हतं. कडेला बाबांच्या अक्षरात: "चि. मन्याची मुंज, मे १९९३".

आता बसली असशील तर नीट बस.

कॅसेटच्या कडेला ती प्लॅस्टिकची चौकोनी जीभ असायची ना, जी मोडली की वर रेकॉर्डिंग होत नाही? व्हिडिओवाल्याने ती मोडूनच दिली होती. त्या भोकावर काहीतरी चिकटवलं की रेकॉर्डिंग पुन्हा होतं, हे ज्ञान अख्ख्या नौपाड्यात आपल्या दोघींना होतं, तुझ्या मस्कतच्या मामांच्या कृपेने. त्यामुळे "चुकून झालं" असं म्हणायची सोय आपण चौदाव्या वर्षीच घालवून बसलो. राहता राहिलं कुणी चिकटवलं. सत्तावीस वर्षं मी छातीठोकपणे सांगत आले की तू. तुझ्या हळदीच्या दिवशीसुद्धा आपण त्यावरून भांडलो, आणि तुझ्या आत्याला वाटलं मुलगी नवऱ्यावरून रडतेय.

वैजू, ती सेलोटेप नाही. वहीचं लेबल आहे, उभं कापलेलं. त्यावर "इयत्ता ९ वी ब" एवढं अजून वाचता येतं. तू अ मध्ये होतीस. ९ ची शेपटीही माझीच आहे, वळणावर गाठ मारलेली, जिच्यासाठी बाईंनी मला पन्नास वेळा ९ लिहायला लावलं होतं. झालं. तुला जे म्हणायचं ते म्हण. हळदीच्या दिवसाचंसुद्धा.

स्टेशनजवळ एक मुलगा जुन्या कॅसेटी पेन ड्राइव्हवर उतरवून देतो. बावीसेक वर्षांचा असेल. त्याने झाकण उचलून आतली फीत दाखवली, कडेला पांढरी बुरशी, श्रीखंडाच्या वाटीला धरते तशी. म्हणाला साफ करून बघतो, साडेतीनशे होतील. दोन दिवसांनी त्याचा फोन: "मॅडम, वर मुंज लिहिलंय, आत दलेर मेहंदी आहे. चालेल ना?"

चालेल म्हटलं. काय म्हणणार?

शुक्रवारी ऑफिसात डबा खायच्या सुट्टीत, कानात बोंडं घालून, सगळं पाहिलं. पहिली गोष्ट म्हणजे आपलं एकही गाणं सुरुवातीपासून नाही. प्रत्येक गाणं तीन सेकंद उशिरा लागतं, कारण पहिल्या सुरात ओळखायचं, मग "दाब! दाब!" असं तू ओरडायचं आणि मी रेकॉर्ड आणि प्ले दोन्ही बटणं एकदम दाबायची. पॉजवर धरून ठेवावं तर पाच मिनिटांनी मशीन आपोआप सुटायचं, आणि ते नेमकं जाहिरातीत सुटायचं. अजूनही यातलं कुठलं गाणं रेडिओवर पूर्ण लागलं की पहिले तीन सेकंद मला कुणीतरी नंतर जोडल्यासारखे वाटतात.

दुसरी गोष्ट: दलेर चार आहेत. चार. मी मोजले, थांबवून मोजले. तू पाच म्हणायचीस आणि पाचव्याचे कपडेसुद्धा सांगायचीस. लेबल माझं, पण हे माझ्या खात्यात जमा कर. तुला त्या 'तुनक तुनक तुन' गाण्याची गोष्ट माहीत होती का? त्याच्या आधीच्या गाण्यांबद्दल लोक म्हणायचे की ती सुंदर मुलींच्या नाचामुळे चालतात. म्हणून १९९८ साली या गड्याने सगळ्या मुली काढून टाकल्या आणि चारही जागी स्वतःच उभा राहिला. मागचे डोंगर-बिंगर सगळे संगणकावर चिकटवलेले. तेव्हा आपल्याला ते खोटं दिसतं म्हणून हसू यायचं. आता पाहिलं तर त्या खोटेपणालाच तो खुशाल सामील आहे, "आहे खोटं, मग?" असा पाय आपटतोय. एवढा आनंदाने रुसलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मग मी विचार करत बसले की नेमकी हीच गाणी आपण का घेतली. बाकीची शेकडो येऊन गेली, त्यातलं डोक्यात काही नाही. माझं म्हणणं असं की आपण घेतली ती सांगता येणारी. आमच्याकडे नुसतं दूरदर्शन. केबल तुमच्याकडे, त्यामुळे आदल्या रात्रीचं गाणं मला दुसऱ्या दिवशी मासुंदा तलावाच्या कठड्यावर तुझ्या तोंडून कळायचं. जे एका वाक्यात सांगता यायचं ते राहायचं. "राणी सगळ्या राजपुत्रांना नाकारते आणि लाकडी पेटीतून मिलिंद सोमण निघतो." बास. १९९५ सालचं ते, अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया', केन घोषने केलेलं, पण तू सांगितलंस त्या दिवसापासून माझं झालं. खरं तर आपल्याला पेटीचं अप्रूप नव्हतंच. तो शिवाजी पार्कचा, म्हणजे दादरहून स्लो गाडीने ठाण्याला येऊ शकतो, याचं होतं.

नॉर्वेच्या त्या तीन पोरांचं, आ-हाचं 'टेक ऑन मी' तू सांगितलं होतंस तो दिवस तर मला शेंगदाण्याच्या पुडीसकट आठवतो. मुलगी हॉटेलात बसून कॉमिक वाचतेय, चित्रातला मुलगा डोळा मारतो, आणि कागदातून पेन्सिलीचा हात बाहेर येतो. तू स्वतःचा हात पुडीतून बाहेर काढून दाखवलास, दाणे सगळे तलावात. खरा व्हिडिओ मी पाहिला तो पुढे कितीतरी वर्षांनी, सायबर कॅफेत, थांबत थांबत. तुझ्या सांगण्यात वेट्रेस नव्हती! बिल न देता गिऱ्हाईक गायब झालं म्हणून ती कॉमिक चुरगाळून कचऱ्यात टाकते, आणि त्यामुळेच तर ती दोघं कागदाच्या आत अडकतात. गोष्टीची सगळी कळ तिथे आहे आणि तू ती खाल्लीस. पण हाताचं मात्र बरोबर सांगितलंस. नंतर वाचलं की १९८५ मध्ये स्टीव्ह बॅरनने ते केलं, खऱ्या चित्रीकरणावरून एकेक चौकट हाताने रेखाटून. जवळजवळ ३,००० चित्रं, १६ आठवडे लागले. त्याआधी त्याच गाण्याचा एक साधा व्हिडिओ झाला होता, नुसती गाणारी पोरं. तो कुणाला आठवत नाही. साहजिकच आहे, मासुंद्यावर बसून सांगणार काय त्याचं?

लकी अली या नियमात बसत नाही, मान्य. इजिप्त, वाळू, पिरॅमिड, आणि घशात धूळ गेल्यासारखा तो आवाज. गोष्ट काय होती विचारशील तर मला आजही सांगता येणार नाही. ते तू घेतलंस, मी नुसती गप्प बसले होते.

फाल्गुनी पाठकच्या बाबतीत मात्र मी तेव्हा चुकले. मी म्हणायचे, हिच्या गाण्यात ही स्वतः कशाला मध्ये मध्ये येते? मुलगा-मुलीचं चाललंय ते बघू दे ना. आता पाहिलं तर तीच बघण्यासारखी आहे. शर्ट-पॅंट घालून, बाजूला उभी, दुसऱ्यांचं प्रेम गोड मानून घेत गातेय, आपल्या तमाशातल्या सूत्रधारासारखी. आणि 'थ्रिलर' तू घेऊ दिलं नाहीस, जवळजवळ चौदा मिनिटांचं आहे, जागा खाईल म्हणून. त्या कंजूषपणाने मुंजीची चौदा मिनिटं तरी वाचायची! तर तीही तू नंतर फाल्गुनीलाच दिलीस.

आता मुंजीवर येते. लांबवत होते ते तुला कळलंच असेल.

कॅसेटवर आपण दोन गाण्यांच्या मध्ये जिथे चुकलो, मशीन सुटलं, पुन्हा दाबलं, तिथे खालचं जुनं डोकावतं. पहिल्यांदा दिसतं ते अलिशानंतर. चार सेकंद. काय असेल? मठ्ठ्याची बादली. वाढप्याचा हात, स्टीलची बादली, वर कोथिंबीर, आणि मागून कुणाचा तरी आवाज, "इकडे, इकडे". मन्याच्या मुंजीचं एवढंच शिल्लक राहिलं असं समजून मी ऑफिसात एकटी हसले, आणि मग हसू थांबेना, आणि मग बाथरूममध्ये जाऊन बसले.

आणि दलेरच्या आधी दुसरी फट आहे. चित्रात नुसती अंतरपाटाची कड आणि हललेला कॅमेरा. पण आवाज आहे. बाईचा. "कुर्यात् बटोर्मं", आणि धाडकन् दलेर.

सव्वा सेकंद असेल, जास्त नाही.

पेणची आजी मन्याच्या मुंजीत उभी राहून स्वतः रचलेली मंगलाष्टकं म्हणाली होती, ते तुला ठाऊक आहे, पण तू मुंजीला नव्हतीस, गोवर आला होता तुला. म्हणून सांगते. भाड्याने व्हीसीआर आणून ती कॅसेट आम्ही दोनदाच पाहिली, तरी मला ती पाठ आहे. आजी नऊवारीत, हातात चार घड्या घातलेला कागद. चष्मा आईच्या पर्समध्ये, पर्स कार्यालयाच्या ऑफिसात, किल्ली मामाकडे, मामा भटजींना आणायला गेलेला. त्यामुळे आजी कागद उलटा धरून पाठच म्हणत होती. व्हिडिओवाल्याने तो प्रखर दिवा तिच्या तोंडावर मारला. पहिलं कडवं संपवून ती थांबली आणि म्हणाली, "अरे तो सूर्य जरा मुलाकडे फिरव, मुंज त्याची आहे." सगळा मांडव हसला. ती नाही हसली. दिवा वळेपर्यंत वाट पाहिली, पदर सारखा केला आणि पुढचं कडवं घेतलं. पुढच्या वर्षी ती गेली. तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही.

बघ, हेही सांगता येतंच की.

तुझे बाबा गेले त्या रात्री दोन वाजता तू मला काही न लिहिता नुसती एक लिंक पाठवली होतीस. जॉनी कॅशचं 'हर्ट'. मी तेव्हा तुला काही कळवलं नाही, आणि तूही नंतर विषय काढला नाहीस. आता सांगते, मी ते त्या रात्री सलग तीनदा पाहिलं. सत्तरीचा माणूस, हात कापतायत, समोर टेबलभर खाणं मांडलेलं आणि खाणारं कुणी नाही. मध्ये मध्ये त्याच्याच तरुणपणाची चित्रफीत, रेल्वे, तुरुंगातले कार्यक्रम, सगळा रुबाब. बंद पडलेलं त्याचं संग्रहालय. आणि जिन्यावर त्याची बायको उभी राहून त्याच्याकडे बघतेय. ते बघणं मला पुरलं नाही, मी मागे नेऊन पुन्हा पाहिलं. २००३ च्या सुरुवातीला व्हिडिओ आला, मेमध्ये ती गेली, सप्टेंबरात तो. मार्क रोमानेक म्हणून दिग्दर्शक आहे, त्याने फार काही केलेलं नाही, म्हातारपण झाकलं नाही एवढंच. शेवटी तो पियानोचं झाकण लावतो आणि त्यावरून हात फिरवतो. तू मला ते का पाठवलंस हे मला त्या हातापाशी कळलं. लिहायला एवढी वर्षं लागली, माफ कर.

शुक्रवारी तोच हात आठवत होता. आणि आजीचा उलटा कागद.

आता माझी अडचण. तो सव्वा सेकंद आजीचाच आहे का? मंगलाष्टकं मावशीही म्हणाली होती आणि मन्याची आत्याही. मी चाळीस वेळा तरी ऐकलं. "र्मं" थोडं नाकातून येतं, आजीचं यायचं. पण आत्याला त्या दिवशी सर्दी होती! हे ओळखू शकेल असं माणूस जगात एकच आहे, आणि ते आत्ता आतल्या खोलीत घोरतंय. तिला ऐकवायचं तर कॅसेट सापडली हे सांगायचं. आणि कॅसेट सापडली हे सांगायचं तर काकू.

डोंबिवलीच्या काकूने ती कॅसेट बघायला नेली होती, आणि पावसात, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, आमच्या दारात माझ्या हातात आणून दिली होती. "आईला दे, नीट आत ठेव." आई गिरणीत गेली होती. मी ती पिशवी तशीच उचलून तुमच्याकडे आणली. कोरी कॅसेट महाग होती, आपल्याकडे पैसे नव्हते, मुंज काय सगळ्यांनी पाहिलेली आहे, असं तू म्हणालीस की मी म्हणाले ते आता राहू दे. लेबलानंतर मला भांडायची हिंमत नाही. मग आजीच्या पाचव्या श्राद्धाला आईने कॅसेट मागितली आणि काकू सगळ्या पंगतीसमोर म्हणाली, "मी सुमीच्या हातात दिली." आईने माझ्याकडे पाहिलं. मी ताटातल्या वड्याकडे पाहिलं आणि म्हटलं, "मला नाही आठवत." तू माझ्या शेजारी होतीस. तुझा खिरीचा घास तसाच राहिला होता, तो मला अजून दिसतो.

तेवढ्या तीन शब्दांवर आई काकूच्या वास्तुशांतीला गेली नाही. काकूने मन्याचं केळवण केलं नाही. दोघी एकमेकींशी बोलतात, पण बँकेतल्या बाईशी बोलावं तसं. "हो का?" "बरं." दर दिवाळीला आई फराळाचा डबा पाठवते, आणि काकू रिकामा डबा परत पाठवते. साखरसुद्धा घालत नाही गं त्यात.

माझी चलाखी ऐक. मला वाटलं, तेवढा तुकडा फोनवर घ्यावा आणि सांगावं, मन्याच्या एका मित्राकडे मिळाला. पण आई विचारेल, बाकीचं कुठे आहे? आणि आईपुढे दोन खोटं रचून बोलण्याइतकं आता माझं बीपी राहिलेलं नाही. तू म्हणशील, आता काय राहिलंय, दोघी सत्तरीच्या, हसून सोडून देतील. आई नाही सोडणार. तिला आपण गाणी घेतली याचा राग येणार नाही, बघ. आमच्याकडे केबल आल्यावर तो मीता वशिष्ठ ट्रक चालवते तो शुभा मुद्गलचा व्हिडिओ लागला की हातात पळी घेऊन ती दारात उभी राहायची, आमटी उतू जाईपर्यंत. एका खऱ्या बाईच्या आयुष्यावरून तो केलाय हे मी वाचून दाखवलं, तर म्हणाली, "मग? दिसतंच आहे." व्हिडिओ म्हणजे काय ते तिला कळतं. पण तिच्या आईच्या आवाजावरून तिने एका बाईला सत्तावीस वर्षं खोटं पाडलं, आणि ती बाई खरी होती, हे तिला कसं सांगू? माझी लाज मी गिळेन. तिची कोण गिळणार?

आणि अजून एक आहे, ते तुला सांगितलंच नाही. गेल्या वर्षी काकूचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी मऊ भात आणि मेतकूट घेऊन गेले होते. निघताना तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "तू लहान होतीस गं." एवढंच. कशाबद्दल ते मी विचारलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही. डोंबिवली ते ठाणे उभ्याने आले, बसायला जागा असून.

तेव्हा मला एवढंच सांग: आधी काकूला सांगू की आईला? की दोघींना एकदम बसवून लावू, मठ्ठ्याच्या बादलीसकट?

तुझं विचारायचं राहिलंच. लेकीची बारावी कशी गेली? तुझ्या यांची नागपूरची बदली पक्की की अजून नुसत्या वावड्या? सासूबाईंना नमस्कार सांग, त्यांच्या त्या लिंबाच्या लोणच्याचं प्रमाण पाठव, तूही विसरशील त्याआधी. आणि जमलं तर महिनाअखेरच्या आत एक रात्र ये. गच्ची अजून आहे, तुमच्या जुन्या खिडकीसमोरची. पाणी गळतं, पण आहे.

उत्तर ऑफिसच्या पत्त्यावर पाठव. घरी आलेली पाकिटं आई उघडते.

तुझीच,
सुमी
(९ वी ब)